मोबाइल गेम प्रकल्पांद्वारे प्रारंभिक प्रोग्रॅमिंगचे अध्यापन : स्वरूप, उपयुक्तता व मर्यादा

गोषवारा

पदवीच्या प्रथम वर्षाला प्रोग्रॅमिंग शिकणारा विद्यार्थी पाठांतराच्या बळावर प्रात्यक्षिक परीक्षा उत्तीर्ण होऊ शकतो. मात्र स्वतः एखादा लहानसा प्रोग्रॅम रचण्याची वेळ आली की तो अडखळतो. ही अडचण दूर करण्यासाठी लहान मोबाइल गेम तयार करण्याचे प्रकल्प कितपत उपयुक्त ठरू शकतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. गेममुळे विषय मनोरंजक होतो, हा या पद्धतीचा दुय्यम लाभ होय. विद्यार्थ्याची चूक त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते आणि ती शोधण्याची गरज त्यालाच वाटू लागते, हा तिचा मुख्य लाभ आहे. दोन लहान खेळांच्या आधारे ही मांडणी केली असून अध्यापनाचे नियोजन, मूल्यमापन आणि पद्धतीच्या मर्यादा यांचाही विचार केला आहे.

महत्त्वाच्या संज्ञा : प्रारंभिक प्रोग्रॅमिंग, मोबाइल गेम, प्रकल्प पद्धती, दोषशोधन, मूल्यमापन.

१. प्रस्तावना

संगणकशास्त्र, बीसीए अथवा तत्सम अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षातील प्रात्यक्षिकांची यादी बहुतेक ठिकाणी सारखीच असते. दिलेली संख्या मूळ संख्या आहे का ते तपासा, फॅक्टोरियल काढा, फिबोनाची श्रेणी छापा, दोन मॅट्रिक्सची बेरीज करा, अशी ती यादी असते. या उदाहरणांमध्ये दोष नाही. प्रोग्रॅमिंगच्या मूलभूत संकल्पना त्यांत आहेतच. तथापि ही उदाहरणे वर्षानुवर्षे तीच राहिल्याने त्यांची उत्तरे तयार मिळतात. विद्यार्थी ती जर्नलमध्ये उतरवून घेतो, परीक्षेच्या आदल्या दिवशी पाठ करतो आणि चिठ्ठीवर आलेला प्रश्न जसाच्या तसा लिहून देतो. त्याला गुण मिळतात. दुसऱ्या वर्षी डेटा स्ट्रक्चर्स हा विषय समोर आला, की पहिल्या वर्षीचा पाया कच्चा राहिल्याचे त्याच्याही लक्षात येते आणि शिक्षकांच्याही.

या विद्यार्थ्याला लूपची व्याख्या येत असते, लूपची रचनाही येत असते. लूप केव्हा वापरावा आणि आपण लिहिलेला लूप चुकला आहे हे कसे ओळखावे, एवढे मात्र त्याला येत नसते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत ही अडचण अधिक गंभीर होते. संगणकाने दाखवलेला दोषसंदेश इंग्रजीत असतो, पुस्तक इंग्रजीत असते, आणि न समजलेले पाठ करणे हाच त्याला सुरक्षित मार्ग वाटतो. पुढे ‘प्रोग्रॅमिंग आपल्याला जमणारे नाही’ असा समज घेऊन तो विषयापासून दूर जातो. बुद्धी असूनही विद्यार्थी गमावला जाणे, ही कोणत्याही विभागाच्या दृष्टीने मोठी हानी आहे.

२. संकल्पनेची पार्श्वभूमी

खेळता खेळता प्रोग्रॅमिंग शिकण्याची कल्पना नवी नाही. १९६७ मध्ये सेमोर पेपर्ट, वॉली फ्युर्झाइग व सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही भाषा विकसित केली. पुढे या भाषेला ‘कासवा’ची जोड मिळाली. आज्ञा दिली की कासव पुढे जाते, वळते आणि आपल्यामागे रेघ ओढते. चौकोन काढायला निघालेल्या मुलाने वळणाचा कोन चुकवला तर चौकोन बंद होत नाही, आणि ही चूक दाखवण्यासाठी शिक्षकाची गरज लागत नाही. पेपर्ट यांनी १९८० च्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या ग्रंथात चुकीकडे अपयश म्हणून न पाहता शोधण्याजोगी गोष्ट म्हणून पाहण्याचा विचार विस्ताराने मांडला. मोबाइल गेम प्रकल्पांमागील शैक्षणिक सूत्र तत्त्वतः हेच आहे.

१९९७ मध्ये नोकिया ६११० या मोबाइलवर आलेला सापाचा खेळ जगभर परिचित झाला. इवल्याशा एकरंगी पडद्यावर, मोजक्या बटणांवर चालणारा हा खेळ एक महत्त्वाची गोष्ट सिद्ध करून गेला : खेळ रंजक होण्यासाठी तो मोठा असावा लागत नाही. २००२ मध्ये जावाच्या मोबाइल आवृत्तीत खेळांसाठी स्वतंत्र सुविधा समाविष्ट झाल्या आणि मोबाइल गेम लिहिणे विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आले. अमेरिकेतील सेंट्रल कनेक्टिकट स्टेट युनिव्हर्सिटीचे प्राध्यापक स्टॅन कुर्कोव्स्की यांनी २००९ पासून प्रसिद्ध केलेल्या लेखांतून मोबाइल गेम विकसनाचा उपयोग संगणकशास्त्राच्या प्रारंभिक अध्यापनात कसा करता येईल, याची मांडणी केली.

पुढे साधनेही सुलभ झाली. गुगलने २०१० मध्ये ‘ॲप इन्व्हेंटर’ हे साधन जाहीर केले. २०१२ पासून ते मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अर्थात एमआयटीच्या वतीने उपलब्ध आहे. त्यात आज्ञा टंकलिखित कराव्या लागत नाहीत. ठोकळे एकमेकांत अडकवून प्रोग्रॅम तयार होतो आणि मोबाइल जोडलेला असल्यास केलेला बदल तत्काळ त्यावर दिसतो.

३. मोबाइल गेमचे अध्यापनमूल्य

‘विद्यार्थ्यांना खेळ आवडतात, म्हणून खेळ वापरावेत’ हा युक्तिवाद वरवरचा आहे. आवड टिकत नाही. खेळणे आणि खेळ तयार करणे यांतील अंतर दुसऱ्याच दिवशी लक्षात येते. म्हणून गेम प्रकल्पांचे समर्थन आवडीवर न करता अध्ययनाच्या प्रक्रियेवर करणे अधिक योग्य ठरेल.

एक साधे उदाहरण घेऊ. १ ते १० या संख्यांची बेरीज करण्याचा प्रोग्रॅम लिहिताना नवशिके विद्यार्थी अनेकदा बेरजेचे व्हेरिएबल शून्य करण्याची आज्ञा लूपच्या बाहेर न लिहिता आत लिहितात. परिणामी प्रत्येक फेरीत आधीची बेरीज पुसली जाते आणि अखेरीस ५५ ऐवजी १० हे उत्तर येते. पडद्यावर काहीतरी संख्या आली म्हणजे प्रोग्रॅम चालला, असे समजून विद्यार्थी ती जर्नलमध्ये लिहितो आणि पुढे जातो. हीच चूक खेळात झाली, म्हणजे गुण शून्य करण्याची आज्ञा स्पर्शाच्या घटनेत लिहिली गेली, तर खेळाडूने कितीही वेळा अचूक स्पर्श केला तरी गुण १ च्या पुढे सरकत नाहीत. इथे विद्यार्थी गप्प राहू शकत नाही. शेजारी बसलेला मित्रच त्याला विचारतो, ‘‘तुझे गुण वाढत का नाहीत?’’

दोन्ही ठिकाणी संकल्पना एकच आहे आणि चूकही एकच आहे. पहिल्या ठिकाणी अपेक्षित उत्तर विद्यार्थ्याला शिक्षकाकडून कळते. दुसऱ्या ठिकाणी खेळ कसा चालायला हवा हे त्याला स्वतःलाच ठाऊक असते. प्रोग्रॅम बरोबर की चूक, हा निर्णय शिक्षकाच्या हातून विद्यार्थ्याच्या हाती जातो, हेच या पद्धतीचे खरे मूल्य होय.

मोबाइलमुळे यात आणखी एका गोष्टीची भर पडते. प्रयोगशाळेतील संगणकावर केलेला प्रोग्रॅम तास संपला की मागे राहतो. मोबाइलवरील खेळ विद्यार्थ्याबरोबर घरी जातो. घरातील धाकटी भावंडे तो खेळतात आणि विद्यार्थ्याच्या कल्पनेतही नसलेल्या जागी बोट लावून तो बंद पाडतात. प्रोग्रॅम दुसऱ्याने वापरायचा असतो, ही जाणीव अशा प्रसंगातून सहज निर्माण होते.

४. पहिला प्रकल्प : डास मारण्याचा खेळ

पहिला प्रकल्प दोन ते तीन प्रात्यक्षिकांत पूर्ण होईल इतका लहान असावा. पडद्यावर एक डास दिसतो, दर सेकंदाला तो जागा बदलतो आणि त्याच्यावर बोट लावल्यास एक गुण मिळतो, एवढाच हा खेळ आहे. ॲप इन्व्हेंटरमध्ये तो मोजक्या ठोकळ्यांत तयार होतो. त्यातून पुढील संकल्पना स्वाभाविकपणे समोर येतात.

गुण साठवण्यासाठी व्हेरिएबल लागते. डासाची नवी जागा ठरवण्यासाठी यादृच्छिक संख्या लागते. येथे एक चांगला प्रश्न उभा राहतो. खेळाच्या पटाची रुंदी ३०० बिंदू व डासाच्या चित्राची रुंदी ४० बिंदू असेल, तर डाव्या कडेपासूनचे अंतर कोणत्या दोन संख्यांच्या दरम्यान निवडावे? बहुतेकांचे पहिले उत्तर ० ते ३०० असे असते. खेळ चालवल्यावर डास वारंवार उजव्या कडेलाच चिकटलेला दिसतो, कारण ॲप इन्व्हेंटर पटाबाहेर जाणारे चित्र कडेवरच अडवते. चित्राची जागा त्याच्या डाव्या कडेवरून मोजली जाते, म्हणून कमाल अंतर ३०० वजा ४०, म्हणजे २६० असावे, हे विद्यार्थी स्वतः कागदावर आकृती काढून शोधू शकतो. सीमारेषेवरील मूल्यांची तपासणी करण्याचा संस्कार येथूनच रुजतो.

डास दोन ठिकाणांहून हलवावा लागतो : सेकंद पूर्ण झाल्यावर आणि बोट लागल्यावर. तेच ठोकळे दोनदा लिहिण्याचा कंटाळा आला, की फंक्शनची गरज समजते. फंक्शनची व्याख्या आधी सांगून उदाहरण नंतर देण्यापेक्षा गरज आधी निर्माण होऊन नाव नंतर मिळणे, हा क्रम अधिक परिणामकारक ठरतो.

याच खेळात घटनाधारित प्रोग्रॅमिंगची ओळखही होते. पारंपरिक प्रोग्रॅम वरून खाली क्रमाने चालतो. खेळ मात्र स्पर्शाची व घड्याळाच्या ठोक्याची वाट पाहत थांबलेला असतो. काही विद्यार्थी ही वाट पाहण्यासाठी स्वतःच एक न संपणारा लूप लिहितात. त्यामुळे पडदा गोठतो. स्पर्शाला सुमारे ५ सेकंद प्रतिसाद मिळाला नाही, की ॲप प्रतिसाद देत नसल्याची सूचना अँड्रॉइड प्रणाली दाखवते. ही सूचना प्रत्येकाने कधी ना कधी पाहिलेली असते. तिच्यामागील कारण स्वतःच्या हातून घडल्यावर ते विसरले जात नाही.

५. दुसरा प्रकल्प : सापाचा खेळ

ठोकळ्यांवरून लिखित आज्ञांकडे जाणे हा दुसरा टप्पा. यासाठी मोबाइलच्या ब्राउझरमध्ये चालणारा जावास्क्रिप्टमधील खेळ सोयीचा ठरतो. साधा टेक्स्ट एडिटर आणि ब्राउझर एवढेच त्याला पुरते; जावास्क्रिप्टमधील कंस, अटी व लूप यांची मांडणी सी भाषेशी मिळतीजुळती असल्याने अभ्यासक्रमाशीही नाते राहते. ॲप इन्व्हेंटरच्या यादीतील पहिल्या घटकाचा क्रमांक १ असतो, तर जावास्क्रिप्ट व सी यांच्या ॲरेमध्ये तो ० असतो. हा फरक संक्रमणाच्या वेळी आवर्जून सांगावा लागतो.

समजा, पट २० गुणिले २० घरांचा आहे आणि साप पाच घरांचा आहे. सापाची घरे ॲरेमध्ये साठवली आहेत; शून्य क्रमांकावर डोके आणि चार क्रमांकावर शेपटी. साप एक घर पुढे जातो तेव्हा प्रत्येक घराने आपल्या पुढच्या घराची जागा घ्यायची असते. विद्यार्थी सहजपणे डोक्याकडून सुरुवात करतो : शून्याची जागा एकला देतो, एकची दोनला, दोनची तीनला. खेळ चालवताच पाच घरांचा साप एकाच ठोक्यात दोन घरांचा दिसू लागतो. कारण एकमध्ये शून्याची जागा आधीच लिहिली गेली, आणि तीच पुढे दोन, तीन व चार यांच्याकडे पोहोचली. डोके पुढे सरकले; मागची चारही घरे डोक्याच्या जुन्या जागेवर एकावर एक बसली. लूप शेपटीकडून डोक्याकडे चालवला की प्रश्न सुटतो.

ॲरेमधील घटक सरकवताना कोणत्या दिशेने जावे, हा डेटा स्ट्रक्चर्समधील नेहमीचा मुद्दा आहे. फळ्यावर तो अनेकदा सांगितला जातो आणि तितक्याच वेळा विसरला जातो. आखूड झालेला साप पाहिलेला विद्यार्थी तो सहसा विसरत नाही.

यापुढील पायरी म्हणून एक छोटा बदल सुचवता येतो : साप भिंतीवर आपटून मरण्याऐवजी पलीकडच्या बाजूने आत यावा. उजव्या भिंतीसाठी उत्तर सोपे आहे. स्तंभाच्या क्रमांकात १ मिळवून २० ने भागल्यावरची बाकी घेतली, की १९ नंतर पुन्हा ० येतो. याच न्यायाने डाव्या भिंतीसाठी १ वजा करून बाकी घेतली जाते. पण साप तेथे नाहीसा होतो. उणे १ ला २० ने भागले असता जावास्क्रिप्ट व सी या दोन्ही भाषांत बाकी उणे १ च येते, १९ येत नाही. आधी २० मिळवून मग बाकी घेतल्यास अपेक्षित घर मिळते. बाकी काढण्याच्या चिन्हाचा गणितातील अर्थ आणि प्रोग्रॅमिंगमधील अर्थ यांतील हे अंतर एका नाहीशा झालेल्या सापामुळे कायमचे स्पष्ट होते.

६. वेळेचे गणित

थोडी प्रगती झालेल्या गटासाठी चेंडू व फळीचा खेळ उपयुक्त आहे. येथे अनेकदा असे घडते की एका विद्यार्थ्याच्या मोबाइलवर नीट चालणारा चेंडू दुसऱ्याच्या मोबाइलवर दुप्पट वेगाने धावतो. प्रोग्रॅम तोच, भाषा तीच. मग फरक कुठून आला? काही मोबाइलचा पडदा सेकंदाला ६० वेळा, तर काहींचा १२० वेळा नव्याने रेखाटला जातो. प्रत्येक रेखाटनाला चेंडू ५ बिंदू सरकवला, तर पहिल्या मोबाइलवर तो सेकंदाला ३०० आणि दुसऱ्यावर ६०० बिंदू जातो. यावर उपाय म्हणजे चेंडूचा वेग सेकंदाला ३०० बिंदू असा ठरवून, मागील रेखाटनापासून किती वेळ गेला त्याने तो गुणणे.

अंतर म्हणजे वेग गुणिले वेळ, हे सूत्र विद्यार्थी शाळेत शिकलेला असतो. त्या सूत्राचा आपल्या विषयाशी संबंध आहे, हे त्याला प्रथमच जाणवते. वेगवेगळ्या यंत्रांवर प्रोग्रॅम वेगळा वागू शकतो, हा व्यावसायिक जगातील धडाही त्याला पहिल्याच वर्षी मिळतो. वर्गात निरनिराळ्या किमतींचे मोबाइल असणे हे एरवी विषमतेचे लक्षण असते. येथे तेच अध्यापनाचे साधन होते.

७. अध्यापनाचे नियोजन

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आखलेल्या अभ्यासक्रमांत प्रात्यक्षिकाचे एक श्रेयांक ३० तासांचे मानले जाते. दोन श्रेयांकांचे प्रात्यक्षिक १५ आठवड्यांच्या सत्रात विभागल्यास आठवड्याला चार तास मिळतात. कौशल्याधारित विषयांतर्गत अथवा प्रचलित प्रात्यक्षिकाला पूरक म्हणून पुढील क्रम योजता येईल.

पहिल्या चार आठवड्यांत ठोकळ्यांच्या साहाय्याने डासाचा खेळ पूर्ण करावा. पाचव्या व सहाव्या आठवड्यात तोच खेळ लिखित आज्ञांमध्ये उतरवावा; येथे नवीन संकल्पना आणू नये, केवळ मांडणी बदलावी. सातव्या ते अकराव्या आठवड्यात सापाचा खेळ घ्यावा. बाराव्या ते चौदाव्या आठवड्यात विद्यार्थ्याने आपल्या निवडीचा लहान प्रकल्प करावा आणि पंधराव्या आठवड्यात मूल्यमापन व्हावे.

कोरा पडदा समोर ठेवून ‘खेळ तयार करा’ असे सांगणे नवशिक्यावर अन्याय करणारे आहे. जॉन स्वेलर यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या बोधभार सिद्धांतानुसार मनुष्याची कार्यरत स्मृती मर्यादित असते. एकाच वेळी भाषा, साधन, चित्रे आणि तर्क यांचा भार पडला तर शिकणेच थांबते. म्हणून २०११ पासून संगणक शिक्षणात परिचित असलेला ‘आधी वापरा, मग बदला, मग निर्माण करा’ हा क्रम स्वीकारणे हिताचे ठरेल. प्रथम शिक्षकाने दिलेला चालू खेळ विद्यार्थ्याने वाचावा, नंतर त्यात एक बदल करावा, आणि त्यानंतरच स्वतःचा खेळ रचावा. चित्रे व आवाज शिक्षकानेच पुरवावेत. अन्यथा तासाचा निम्मा वेळ आकर्षक चित्र शोधण्यात जातो.

भाषेच्या प्रश्नाकडेही लक्ष देणे आवश्यक आहे. सापाची हालचाल विद्यार्थ्याने आधी मराठीत, क्रमवार वाक्यांत लिहावी आणि त्यानंतर तिचे आज्ञांत रूपांतर करावे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सी, जावा आदी विषयांवरील दृक्-श्राव्य पाठ मराठीतही उपलब्ध आहेत. घरी सराव करणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांचा आधार मिळू शकतो.

८. मूल्यमापन

गेम प्रकल्पांचे यश अथवा अपयश बऱ्याच अंशी मूल्यमापनावर अवलंबून असते. केवळ तयार खेळ पाहून गुण दिले, तर जर्नलची जुनीच नक्कल नव्या रूपात परत येईल. सापाच्या खेळाचे संपूर्ण प्रोग्रॅम महाजालावर पूर्वीपासून आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून तर एका वाक्यात मागणी करताच पूर्ण खेळ लिहून मिळतो. त्यामुळे ‘खेळ चालतो का?’ या प्रश्नाला परीक्षेत फारसे महत्त्व उरलेले नाही. ‘हा खेळ असा का चालतो?’ हा प्रश्न मात्र आजही तितकाच मोलाचा आहे.

उदाहरणादाखल ५० गुणांची विभागणी पुढीलप्रमाणे करता येईल : चालणाऱ्या खेळासाठी १०, परीक्षेच्या वेळी जागेवर सांगितलेला बदल करण्यासाठी २०, तोंडी परीक्षेसाठी १० आणि चुकांच्या नोंदवहीसाठी १०. जागेवरचा बदल लहान असावा. दर पाच गुणांनंतर सापाचा वेग वाढवा, किंवा खाऊ सापाच्या अंगावर पडणार नाही अशी दक्षता घ्या, एवढा तो पुरे. ज्याने प्रोग्रॅम समजून घेतला आहे, त्याला तो अर्ध्या तासात करता येतो. ज्याने नुसती नक्कल केली आहे, त्याला कोठे हात लावावा हेच कळत नाही.

चुकांची नोंदवही हा जर्नलला उत्तम पर्याय ठरू शकतो. प्रत्येक प्रात्यक्षिकानंतर विद्यार्थ्याने चार ओळी लिहाव्यात : काय घडायला हवे होते, काय घडले, कारण काय निघाले आणि दुरुस्ती कोणती केली. ही नोंद मराठीत लिहिण्यास मुभा असावी. दुसऱ्याची चूक आपल्या नावावर लिहून तोंडी परीक्षेत तिचे स्पष्टीकरण देणे अवघड असल्याने येथे नक्कल करण्याचा मोहही कमी होतो. शिवाय वर्गातील नोंदवह्या एकत्र वाचल्यास कोणती संकल्पना पुन्हा शिकवावी लागेल, याचा अंदाज शिक्षकाला येतो.

९. मर्यादा

या पद्धतीच्या मर्यादांकडे दुर्लक्ष करणे योग्य होणार नाही. पहिली मर्यादा साधनांची. ॲप इन्व्हेंटरसाठी इंटरनेट आवश्यक आहे. अँड्रॉइड स्टुडिओसारख्या व्यावसायिक साधनाला संगणकात किमान ८ जीबी स्मृती लागते, आणि अनेक महाविद्यालयीन प्रयोगशाळांतील जुन्या संगणकांना तो भार पेलत नाही. म्हणूनच ब्राउझरमध्ये चालणारे खेळ हा व्यवहार्य मध्यममार्ग होय. प्रत्येक विद्यार्थ्याकडे स्वतःचा मोबाइल असेलच, असेही गृहीत धरू नये. काही घरांत एकच मोबाइल सर्वांच्या वापरात असतो आणि तो दिवसा वडिलांबरोबर कामावर जातो. दोघांत एक मोबाइल, अथवा विभागाने ठेवलेले दोन-तीन जुने मोबाइल, अशी सोय करता येते.

दुसरी मर्यादा आवडीची. सर्वांनाच खेळांत रस असतो, हे गृहीतक चुकीचे आहे. जेन मार्गोलिस व ॲलन फिशर यांनी अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात केलेल्या अभ्यासातून असे दिसले, की अनेक विद्यार्थिनींना संगणकाचे आकर्षण यंत्रापेक्षा त्याच्या समाजोपयोगी वापरामुळे अधिक वाटते. तेथे प्रवेश व अध्यापन यांत बदल केल्यानंतर संगणकशास्त्राला प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थिनींचे प्रमाण १९९५ मधील ७ टक्क्यांवरून २००० मध्ये ४२ टक्क्यांवर गेले. यातून घ्यावयाचा बोध असा, की अंतिम प्रकल्पाचा विषय विद्यार्थ्याला निवडता यावा. पाढ्यांचा सराव करून घेणारा खेळ, मराठी शब्दांचे कोडे, आजीसाठी औषधाची वेळ सांगणारे ॲप या सर्वांत व्हेरिएबल, अट, लूप व घटना यांचा वापर होतोच. संकल्पना शिकणे हे साध्य आहे. खेळ हे साधन आहे.

तिसरी मर्यादा व्याप्तीची. खेळातून सर्व काही शिकता येत नाही. फाइल हाताळणी, स्मृतीचे व्यवस्थापन, सी भाषेतील पॉइंटर यांसाठी पारंपरिक उदाहरणेच अधिक सोयीची आहेत. चौथी मर्यादा शिक्षकाच्या वेळेची. साठ विद्यार्थ्यांच्या तुकडीत प्रत्येकाचा खेळ वेगळ्या ठिकाणी अडतो, आणि एकच उत्तर सर्वांना सांगून तास संपवता येत नाही. या पद्धतीत शिक्षकाचे काम वाढते, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. दोघांच्या जोडीने काम देणे आणि चुकांची चर्चा फळ्यावर सामूहिकरीत्या करणे, हे त्यावरचे उपाय होत.

१०. समारोप

मोबाइल गेम प्रकल्प म्हणजे कंटाळवाण्या विषयाला लावलेला गोडवा नव्हे. आपण लिहिलेले बरोबर आहे की नाही, हे ठरवण्याची सवय विद्यार्थ्याला लावणारी ती एक अध्यापन पद्धती आहे. खेळ लहान ठेवला, क्रम वापराकडून निर्मितीकडे नेला आणि गुण दिखाव्याला न देता समजुतीला दिले, तर तिचा लाभ होऊ शकतो. यांपैकी एकही अट सुटली, तर खेळ राहतो आणि अध्यापन हरवते.

विभागाने एकाच सत्रात संपूर्ण बदल करण्याची आवश्यकता नाही. प्रचलित यादीतील दहा-बारा प्रात्यक्षिकांपैकी दोन प्रात्यक्षिके डासाच्या खेळाला देऊन प्रारंभ करता येईल. मूळ संख्येचा प्रोग्रॅम पाठ करून आलेला विद्यार्थी ‘‘सर, माझा डास सारखा उजव्या कडेला का चिकटतो?’’ असे विचारत शिक्षकाकडे आला, तर त्याचे शिकणे सुरू झाले असे समजण्यास हरकत नाही. त्या वेळी शिक्षकाने उत्तर न सांगता त्याच्या हाती कागद व पेन्सिल द्यावी, हेच उचित ठरेल.